समुद्राचं मावंदं

अंदमानहून परत येऊन दहा दिवस झाले होते आणि तिथं काय पाहिलं हे मला कोणी विचारलं नव्हतं.

तसं खोटं कशाला बोलू, विचारलं होतं. चक्कीवर भेटलेल्या ओळखीच्या माणसानं "कवा आले?" म्हटलं आणि मी तोंड उघडायच्या आत पिठाचा डबा गाडीला अडकवून तो निघूनही गेला. शेजारचे निवृत्त मास्तर फाटकावरूनच म्हणाले, "आले का भाऊ? बरं झालं. तुमच्या मागं दोन डाव नळ येऊन गेले." पुण्याहून मुलीचा फोन आला, "बाबा, मजा आली ना?" मी "आली" म्हणालो आणि विमानापासून सुरुवात करणार, तेवढ्यात तिच्या ऑफिसचा दुसरा फोन आला. नंतर करते म्हणाली. नंतर केलाही, पण तेव्हा माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांवरच बोलणं झालं.

मी काही बोलका माणूस नाही. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं बुलडाण्याच्या आसपासच्या तलावांवर गेली. सकाळी उठून काठावर जायचं, पाण्यातल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वर कळवायचा. आकडा बहुधा कालच्यापेक्षा कमीच असायचा. अशा कामात माणूस बोलायला शिकत नाही. घरात बोलायचं काम बायकोनं अंगावर घेतलं होतं. मी मलकापूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत आलो तरी ती विचारायची, काय काय पाहिलं? आणि मी "पाहायचं काय, तेच ते" म्हणून चप्पल काढायचो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. ती होती तोवर मी सांगण्यासारखं काही पाहिलं नाही, आणि आता पाहून आलो तर विचारायला ती नाही. याचा मला चक्क राग आला होता. कोणावर आला होता ते मात्र ठरवता येत नव्हतं.

सहल मुलीनं ठरवली. दिवाळीत आली तेव्हा तिला माझ्यात काय दिसलं कोण जाणे, परत गेल्यावर आठ दिवसांत तिनं मला न विचारता नाव नोंदवून टाकलं. "ग्रुप आहे बाबा, एकटं नाही वाटणार." मी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मुंबईला दोनदा गेलो होतो, पण दोन्ही वेळा दवाखान्यात. मलकापूरहून रात्रीची गाडी धरली, मुंबईला बाकीची मंडळी भेटली आणि विमानात बसायच्या आधीच मला कळलं की ग्रुप कसला, सगळ्या जोड्या होत्या. सहलीबरोबर आलेला तरतरीत तरुण व्यवस्थापक माणसं मोजायचा ती सुद्धा जोडीनं. विमानतळावर, बोटीवर, हॉटेलच्या दारात, सगळीकडे बोट नाचवत मोजायचा आणि शेवटी म्हणायचा, "दहा जोड्या, आणि काका." गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर पाण्याच्या बाटल्यांची खोकी ठेवलेली असायची. तहान लागली की लोक माझ्याकडे यायचे, तेवढाच संबंध.

पहिल्याच दिवशी गाडी मध्येच थांबली तेव्हा मी सहज विचारलं, "काऊन थांबून राह्यलो आपण?" पुढच्या दोन बायका वळून हसल्या. वाईट हसल्या नाहीत, कौतुकानं हसल्या. एक म्हणाली, "किती गोड बोलता हो काका. परत म्हणा ना." आणि तिनं फोन समोर धरला. मी परत म्हटलं. तिनं ते घरी कोणाला तरी पाठवलं. त्या दिवसापासून मी तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात इस्त्री करून घ्यायला लागलो, आणि इस्त्री होईस्तोवर बोलायची वेळ निघून जायची. चार दिवसांत मी "हो", "नको" आणि "छान आहे" एवढ्यावर आलो.

व्यवस्थापकानं सगळ्यांना गळ्यात अडकवायला एक कार्ड दिलं होतं. एका बाजूला आपलं नाव आणि दुसऱ्या बाजूला 'पाहायलाच हवं' अशा मथळ्याखाली आठ ठिकाणं. पांढऱ्या वाळूचा किनारा आणि तिथला सूर्यास्त. काचेच्या तळाची होडी. खारफुटीच्या झाडीतून होडीनं जाऊन पाहायची चुनखडीची गुहा. चिखल उकळतो ती टेकडी. जुना तुरुंग. एकेक झालं की तो विचारायचा, "झालं ना सगळ्यांचं?" आणि पुढं पिटाळायचा. मला ती पद्धत आवडली, हे कबूल करतो. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला यादी दिली की बरं वाटतं. काय करायचं याचा प्रश्न राहत नाही.

पाहिलं ते खोटं नव्हतं. ते पाणी हिरवं होतं, निळं होतं, मध्येच एक पट्टा जांभळा. वाळू इतकी बारीक की पायाखाली करकरत होती. काचेच्या होडीत आम्ही दोन्ही बाजूंना बाकांवर बसलो आणि मधल्या काचेखालून समुद्राचा तळ सरकायला लागला. पोवळ्यांचे फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढीग, त्यांच्यातून पिवळे मासे. मग एक गडद निळा मासा आला, हाताएवढा, आणि तो काचेला टेकून थांबला. माझा डावा हात आपोआप शेजारी गेला, "अगं हे पाय" म्हणायला. तो शेजारच्या बाईंच्या मनगटाला लागला. त्या दचकल्या, त्यांच्या यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी "माफ करा" म्हणालो. मासा गेला होता. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत मी दोन्ही हात खिशात घालून बसलो.

आणखी एक गोष्ट झाली, की मी त्या सहलीचा फोटोग्राफर झालो. एकट्या माणसाचा उपयोग काय, तर जोडीचा फोटो काढायला. "काका, आमचा एक काढा ना." किनाऱ्यावर दहा जोड्या, गुहेत दहा जोड्या, तुरुंगाच्या दारात दहा जोड्या. मी मन लावून काढले, कोणाचं डोकं कापलं नाही. माझा काढायचं दोघांना सुचलं, पण तेव्हा गाडी सुटत होती. घरी येऊन फोन उघडला तर त्यात माझे दोन फोटो, दोन्ही मीच काढलेले, आणि दोन्हीत अर्धा अंगठा.

शेवटच्या दिवशी मी पाण्याची रिकामी बाटली समुद्रात बुडवून भरून घेतली. का, ते सांगता येणार नाही. आमच्याकडे पाणी दिसलं की भरून ठेवायचं, एवढंच. कपड्यांच्या बॅगेत तीन पिशव्यांत गुंडाळून आणली आणि घरी देवाजवळ ठेवली, बायकोनं कधी काळी आणलेल्या गंगाजलाच्या गडूशेजारी.

त्या बाटलीकडे पाहूनच मला एक कल्पना सुचली. गेल्या वर्षी गल्लीतलं एक जोडपं काशीला जाऊन आलं होतं. आल्यावर त्यांनी रीतीप्रमाणं मावंदं घातलं, म्हणजे आणलेल्या गंगेची पूजा आणि गल्लीला जेवण. सगळी गल्ली गेली होती. यात्रेहून आलेल्याच्या पाया पडायचं, तीर्थ घ्यायचं आणि त्यांची यात्रा ऐकायची. त्या गृहस्थांनी दोन तास काशी सांगितली आणि कोणी हललं नाही. हलणार कसं, पुण्य ऐकण्यातही असतं. मी मनात म्हटलं, मग मला काय झालं? मी त्यांच्यापेक्षा लांब जाऊन आलो.

गुरुजींकडे गेलो. ते फोनवर बोलत पंचांग चाळत होते.

"यात्रा कोणती केली?" त्यांनी विचारलं.

"अंदमान."

"देव कोणता हाय तिथं?"

"देव असा नाई. समुद्र हाय."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. मला वाटलं, आता हाकलतात. पण आमचे गुरुजी व्यवहारी माणूस. "पाणी आणलं काय?" म्हणाले. आणलंय म्हटल्यावर म्हणाले, "मग वरुणाची पूजा करू. रविवारी अकरा वाजता रिकामा हाय मी."

हे नाटक आहे हे मला कळत होतं. देवाधर्माच्या नावाखाली लोकांना घरात बसवून आपलं ऐकवायचं, यात काही शोभा नाही. पण दहा दिवस घरात स्वतःच्या पावलांशिवाय दुसरा आवाज ऐकला नाही की माणूस शोभेचा विचार करत नाही. मी गल्लीत घरोघरी जाऊन आमंत्रण दिलं. स्वयंपाकाला देऊळघाटच्या एका बाईंना सांगितलं. त्या लग्नकार्यात पुरणपोळ्या लाटायला जातात, एकट्या तीस-चाळीस पानांचं सहज ओढतात. शनिवारी संध्याकाळी आरशासमोर उभा राहून मी काय सांगायचं त्याची उजळणी केली. विमानातून दिसलेली बेटं आधी, मग वाळू, मग मासा. कार्ड हाताशी ठेवलं, क्रम चुकायला नको म्हणून.

रविवारी सगळे आले. एकूण एक आले. माझ्यापेक्षा मोठी माणसं माझ्या पायांना हात लावायला वाकली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आता माघार घेता येत नव्हती. पूजा झाली. गुरुजींनी समुद्राचं पाणी गंगाजलात न मिसळता तसंच पळीनं तळहातांवर घातलं. ते खारट लागेल हे त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याही नाही. सगळ्यांत आधी मास्तर ते डोळे मिटून प्यायले आणि त्यांचे डोळे उघडले. तोंड आवळून ते म्हणाले, "भाऊ, हे तुमी लोणारहून आणलं काय?" सगळे हसले, मीही हसलो. मला बरंच वाटलं. आता समुद्राचा विषय निघाला होता.

"नाई नाई," मी म्हणालो, "समुद्राचं हाय. तिथं ना, विमान खाली येऊन राह्यलं का..."

"विमानात खायाले देतेत काय?" एकानं विचारलं.

मी म्हणालो, इकत घ्यावं लागते. त्यावर दुसऱ्यानं त्याच्या भाच्यानं विमानात दशम्या कशा नेल्या ते सांगितलं. भाच्याचं लग्न ठरत होतं. मुलगी मेहकरकडची. तिच्या गावचा रस्ता दोन वर्षं खोदून ठेवलेला. रस्त्यावरून गोष्ट नळावर आली, आणि नळावर आली की आमच्या गावात ती तिथून उठत नाही. मी दोनदा मध्ये शिरायचा प्रयत्न केला. पानं वाढली गेली. पुरणपोळी, कढी, भजी, वांग्याची भाजी, सगळ्यांनी नावाजून खाल्लं. बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या, तिथून माझ्या बायकोचं नाव दोनदा ऐकू आलं, तिच्या हातच्या कढीवरून. तीनच्या आत घर रिकामं झालं. जाताना प्रत्येकानं "चांगलं झालं भाऊ तुमच्या हातून" म्हटलं. कार्ड माझ्या खिशातच होतं.

मी मागच्या ओट्यावर गेलो. स्वयंपाकाच्या बाई सगळ्यांच्या मागून जेवायला बसल्या होत्या, पाय पसरून, ताट मांडीवर घेऊन. चाळीस पानांच्या पोळ्या लाटलेला माणूस कसा जेवतो तशा सावकाश जेवत होत्या. मी त्यांना कढी वाढली आणि दाराशी स्टुलावर बसलो. मला आत जायचं नव्हतं.

"भाऊ, येक इचारू काय?" त्या म्हणाल्या. "तुमी समुंदर पाह्यला?"

"हाव."

"कसा असते?"

मी सरसावून बसलो. विमानातून बेटं कशी दिसतात ते सांगितलं. वाळू सांगितली. कार्डाच्या क्रमानं गुहा सांगितली, चिखलाची टेकडी सांगितली. बाई "हं" म्हणत होत्या, पण त्यांचं लक्ष मोरीतल्या पातेल्यांकडे जायला लागलं होतं. माझं मलाच ऐकू येत होतं की मी कार्ड वाचून दाखवतोय. निळा मासा सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "असतेत बाप्पा येकेक," आणि ताटातला शेवटचा घास गोळा केला. आता या उठणार. मग मी जे कोणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं, ते सांगितलं.

तिसऱ्या दिवशी आमचं हॉटेल समुद्राला लागून होतं. संध्याकाळी सगळे सूर्यास्ताचे फोटो काढत असताना मी पाण्याच्या काठाला एक वाळकी काडी रोवली. सवय, दुसरं काही नाही. सकाळी उठून पाहायला गेलो तर काडी होती आणि पाणी नव्हतं. जवळपास नव्हतंच. जिथं आदल्या दिवशी लोक पोहत होते तिथं दगड आणि शेवाळं, होड्या चिखलात कलंडलेल्या, डबक्यांत छोटे मासे तडफडत होते. पाणी पार लांब, एका रेघेएवढं उरलं होतं.

"भरती-ओहोटी मी शाळेत पाठ केली होती बाई," मी म्हणालो. "मले माहीत हाय ते. पण त्या टाइमाले काहीच आठवलं नाई. मले वाटलं, कुठंतरी बांध फुटला. मी चपला हातात घेऊन पळालो, हाटेलात जाऊन वरडलो, पाणी गेलं, पाणी गेलं म्हणून."

त्या सकाळी चहाला जमलेली दहाही जोडपी पोट धरधरून हसली होती. मग परत निघेपर्यंत कोणी ना कोणी मला विचारायचं, "काका, समुद्रात पाणी आहे ना?" हेही मी बाईंना सांगितलं आणि त्यांच्या हसण्याची वाट पाहिली.

त्या हसल्या नाहीत. हातातला घास तसाच धरून म्हणाल्या, "मंग? आलं का वापस?"

"आलं."

"कसं आलं? येकदम आलं का हळूहळू?"

"ते मी नाई पाह्यलं," मी म्हणालो. "चहा झाला का आमाले गाडीत बसवलं, गुहा पाह्याले. संध्याकाळी वापस आलो तं पाणी जिथल्या तिथं होतं."

"म्हंजे येतानी नाई पाह्यलं."

"नाई."

बाईंनी घास ताटात ठेवला. "आमच्या हिरीचं पाणी सरते नं भाऊ उन्हाळ्यात, तं मी बादली घेऊन काठावर बसून राह्यतो. घंटा, दोन घंटे. मंग झिरपते थोडं थोडं. ते येतानी पाह्याले लय बरं वाटते. आन तुमचं तं येवढं मोठं पाणी." त्यांना खरंच हळहळ वाटत होती. "तुमी थांबायचं होतं. थांबू नाई देलं का त्याइनं?"

"तसं नाई. मी नाई म्हटलं असतं तं राहू देलं असतं."

"मंग काऊन गेले?"

मी म्हणालो, यादीत होतं म्हणून गेलो. त्यांनी मान हलवली आणि हात धुवायला उठल्या. पातेली घासून, उरलेलं पुरण डब्यात भरून, चारच्या सुमारास त्या देऊळघाटच्या ऑटोत बसल्या. मी ऑटो वळेपर्यंत फाटकात उभा होतो.

यादीचं मी त्यांना खोटं सांगितलं. गाडी सुटायच्या आधी व्यवस्थापक स्वतः म्हणाला होता, काका, दमला असाल तर राहा इथंच, गुहेत फार चालायचं आहे. मी समुद्राकडे पाहिलं होतं. त्या मोकळ्या पडलेल्या चिखलापुढे दिवसभर एकट्यानं बसायची मला भीती वाटली, म्हणून मी गाडीत चढलो आणि पाण्याच्या खोक्यांशेजारी जाऊन बसलो.